रिकाम्या काट्याचं वजन

साखर कारखान्यात कॉम्प्युटरवाल्यांचं काय काम, असं मला अजूनही लग्नकार्यात विचारतात. विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढं ऊस, बॉयलर, मळी आणि निवडणुका एवढंच असतं. मी सांगते, आमचा कॉम्प्युटर अर्धा तास रुसला तर बैलगाड्यांची रांग हमरस्त्यापर्यंत जाते, आणि मग चेअरमनपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना माझं नाव पाठ होतं. नगर जिल्ह्यातल्या एका कारखान्यात मी टायपिस्ट म्हणून चिकटले आणि ईडीपी विभागाची प्रमुख म्हणून बाहेर पडले. ईडीपी हे कॉम्प्युटर विभागाचं जुनं नाव, कारखान्यांत अजून तेच चालतं. कारखान्याचं नाव मात्र सांगणार नाही. आमच्या जिल्ह्यात धुराडी पुष्कळ आहेत, त्यांतलं एक समजा.

गिऱ्हाइकं मला एकेक नग भेटली. कोल्हारकडचे एक म्हातारे सभासद खिडकीशी येऊन म्हणाले, "बाई, माझा ऊस कॉम्प्युटरमधी कुठं हाय त्यो दावा." मी त्यांच्या नावाची नोंद काढून स्क्रीन त्यांच्याकडं वळवली. त्यांनी ती ओळ बोटानं चाचपली आणि म्हणाले, "पाच एकर ऊस, आन् एका वळीत बसिवला व्हय? लई दाबून भरला आसंल." खंडेनवमीला सगळ्या यंत्रांची पूजा व्हायची, तशी सर्व्हरचीही. पहिल्या वर्षी आमच्या लोकांनी इतक्या भक्तीनं हळदकुंकू उधळलं, की ते पंख्याच्या जाळीतून आत गेलं आणि दोन दिवस सर्व्हर गुलाबी वारा सोडत होता. पुढच्या वर्षीपासून मी पाटावर एक बाद झालेला कीबोर्ड मांडू लागले. तोही मानानं कुंकू लावून घ्यायचा.

पण ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले ती निराळी आहे. ती बबननानांची आहे.

नाना आमच्याकडं वजनकाट्यावर लेखनिक होते, काष्टीजवळच्या एका वस्तीवरचे. काष्टीच्या शनिवारच्या बैलबाजारात लोक त्यांना हाताला धरून सौद्याला न्यायचे. सौदा कुणाचाही असो, नाना मध्ये उभे असले की नंतर भांडण होत नाही, अशी त्यांची ख्याती. काट्यावर तसाच माणूस हवा असतो. भरलेली गाडी काट्यावर चढते, तिचं वजन घेतात, ऊस गव्हाणीत, म्हणजे मिलच्या तोंडाशी, पडतो, मग रिकामी गाडी पुन्हा काट्यावर येते. दोन वजनांची वजाबाकी म्हणजे ऊस. शेतकऱ्याचे वर्षभराचे कष्ट आणि तोडणीवाल्याची मजुरी दोन्ही त्या एका आकड्यावर. म्हणून आमच्याकडं 'काटामारी' या शब्दाइतकी वाईट शिवी नाही.

तीन-चार हंगामांपूर्वीची गोष्ट. पाथर्डीकडून तोडणीला आलेल्या टोळीतली मंदाबाई एका सकाळी काट्याच्या केबिनसमोर बैलगाडी आडवी लावून उभी राहिली. स्वतः गाडी हाकणारी बाई, आवाज असा की मिलच्या घरघरीवरून ऐकू यावा.

"एक टन तीनशे? मह्या गाडीला?" ती म्हणाली. "मोळ्या म्या स्वता मोजून भरल्यात. बैलांची मान बघा, खाली गेलीय. दोन टनाच्या खाली न्हाई ही गाडी."

गाडी पुन्हा तोलली. दोन टन शंभर भरली.

मग शोध सुरू झाला. शेतकी विभागानं मागच्या पंधरवड्यातल्या पावत्या चाळल्या आणि आणखी तीन संशयास्पद सापडल्या. दोन वजनं कमी, एक जास्त. जास्त वजन पडलं होतं ते नानांच्या चुलतभावाच्या गाडीला. चारही पावत्या काटा क्रमांक दोनच्या, आणि चारही नानांच्या पाळीतल्या. पाळी बदलली तरी चूक नानांच्या मागोमाग फिरत होती, पहिल्या पाळीतून दुसऱ्या पाळीत.

कामगार अधिकाऱ्यांनी माझ्याकडं लेखी अहवाल मागितला. मी सर्व्हरमधल्या नोंदी काढल्या, तपासल्या आणि लिहून दिलं, 'सदर चुका केवळ उपरोक्त लेखनिकाच्या पाळीत झाल्याचे नोंदींवरून दिसून येते. यंत्रणेत दोष आढळला नाही.' खाली सही केली. सगळं खरं होतं, नोंदींवरून तसंच दिसत होतं. काट्याची केबिन माझ्या टेबलापासून चालत पाच मिनिटांवर होती. मी तिकडं गेले नाही.

नानांना निलंबनाचा कागद मिळाला. तो घेऊन ते माझ्या खिडकीशी आले. चिडले नव्हते, ते मला जास्त लागलं.

"ताई, मी काटा मारला आसं तुमच्या मशीननं सांगितलं म्हनं."

मी म्हटलं, "नाना, नोंदी तशा आहेत."

"मशीन खोटं बोलत न्हाई, आसं तुमीच शिकिवलं हुतं आमाला, ट्रेनिंगला. मी ते खरं मानलं हुतं." एवढं बोलून ते गेले. त्यांची निवृत्ती दीड वर्षावर आली होती. पुढच्या शनिवारी ते काष्टीच्या बाजाराला गेले, आणि कुणी त्यांना सौद्याला बोलावलं नाही. हे मला शिपायानं सांगितलं.

ते ऐकलं त्या दिवशी दुपारी मी डबा न उघडता गाडीतळावर गेले. मंदाबाई बैलांना उसाच्या शेंड्यांचे वाढे घालत बसली होती. तिला नानांबद्दल विचारलं, तर तिनं मलाच झापलं. "म्या वजनाची तक्रार केली, मानसाची न्हाई. त्यो मानूस देवाघरचा हाय. आमची टोळी आली की पैलं लाभ म्हनतो, मंगच गाडी घेतो. दुसरे काटेवाले बघतबी न्हाईत आमच्याकडं."

"लाभ म्हणजे? काय करतात ते?"

"बटन दाबितो रिकाम्या काट्यावर, लाभ म्हनतो, आन् मिटवितो. मंग पैली गाडी. आमच्या टोळीत पैली गाडी महीच आसती."

मी तिथंच वाढ्यांच्या भाऱ्यावर बसले. आमच्याकडं धान्य मापताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत. 'लाभ' म्हणतात, मग दोन, मग तीन. हे मला लहानपणापासून माहीत होतं. नाना नवी टोळी आली की रिकाम्या काट्यावर वजनाचं बटण दाबत, तोंडानं 'लाभ' म्हणत आणि लगेच 'रद्द' करत. रद्द केलेल्या वजनाची नोंद आमच्या सर्व्हरमध्ये होतच नव्हती. तसा तो प्रोग्रॅम मीच लिहिला होता, उगाच कचरा साठू नये म्हणून. नाना रोज काय करत होते ते माझ्या नोंदींना ठाऊकच नव्हतं, आणि मी त्या नोंदींवर सही केली होती.

आता थोडं यंत्राबद्दल. घाबरू नका, सोपं आहे. प्रत्येक कॉम्प्युटरच्या पोटात एक मूळ कारभारी असतो, त्याला कर्नल म्हणतात. बाकी सगळे प्रोग्रॅम त्याच्याकडं मागणी करतात. आमचे सगळे काटे एकाच सर्व्हरला जोडलेले होते. काट्याकडून तारेवरून आलेलं वजन आधी हा कारभारी उतरवून घेतो, मेमरीतल्या एका खोलीत ठेवतो आणि मग आमच्या प्रोग्रॅमच्या हाती देतो. काम संपलं की खोली रिकामी करून दुसऱ्याला देतो. मंगल कार्यालयासारखंच. सकाळचं वऱ्हाड गेलं की तीच खोली संध्याकाळच्या वऱ्हाडाला. पण सकाळच्या वऱ्हाडातल्या एखाद्या काकांच्या खिशात किल्ली राहिली, आणि ते संध्याकाळी खुशाल आत शिरून दुसऱ्याची बॅग आपली म्हणून घेऊन आले, तर काय होईल? तेच आमच्याकडं होत होतं, असा मला संशय आला.

संशय पहिल्यांदा स्वतःच्याच लेकरावर घ्यावा, हा आमच्या धंद्याचा नियम आहे. मी माझा प्रोग्रॅम ओळ न् ओळ वाचला. स्टोअरच्या मागच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर मांडला, काट्यांवरची दोन जादा यंत्रं त्याला जोडली, आणि लाभ-रद्द, लाभ-रद्द दाबत बसले. शंभरात एखाद्या वेळी दोन नंबरच्या काट्यावर तीन नंबरचं वजन उमटायचं. माझा प्रोग्रॅम काढून टाकला, दहा ओळींचा साधा प्रोग्रॅम लावला, तरी तेच. म्हणजे घोटाळा माझ्या घरात नव्हता, त्याच्या खाली, कारभाऱ्यातच होता.

आमच्या सर्व्हरवरची प्रणाली फुकट मिळणारी, जगभरची माणसं मिळून सांभाळतात तशी. तिच्या कर्नलचं सगळं लिखाण कुणालाही वाचायला उघडं असतं. वाचतं कोण, हा वेगळा प्रश्न. मी चार दिवस वाचलं. तारेवरून बोलण्याच्या अनेक पद्धती त्यात लिहिलेल्या असतात. आमची काट्याची यंत्रं त्यांतली एक जुनी, फारशी कुणी न वापरणारी पद्धत वापरायची. तिच्या लिखाणात ती चुकीची जागा होती. ऐन वजन येत असताना कुणी 'रद्द' केलं, तर कर्नलचा एक भाग खोली सोडून द्यायचा आणि दुसरा भाग तिची किल्ली तशीच खिशात ठेवायचा. त्याच पापणी लवण्याएवढ्या वेळात शेजारच्या काट्याचं वजन त्या खोलीत उतरलं, की नानांच्या पुढच्या गाडीला ते चिकटायचं. जगात इतक्या ठिकाणी ही प्रणाली चालते, पण वजन मागवून लगेच रद्द करायची गरज कुणाला पडली असेल? लाभ म्हणणाऱ्या माणसालाच. जागा मला सापडली, आणि त्याबद्दल मी इथं खोटा नम्रपणा दाखवणार नाही. आमच्या विभागातल्या पोरींना त्या दिवशी मी पेढे दिले, कारण सांगितलं नाही.

न सांगण्याचं कारण होतं. आमच्याकडं नुसती वजनं इकडची तिकडं झाली. पण अशा राहिलेल्या किल्लीचा कुणी मुद्दाम फायदा घ्यायचा ठरवलं, तर तो बाहेरून तारेवरनंच खोलीत हवं ते ठेवून थेट कारभाऱ्याच्या गादीवर बसू शकतो. म्हणून असं भोक सापडलं की ते सांभाळणाऱ्यांना गुपचूप कळवायचं आणि दुरुस्ती तयार होऊन जगभर पोचेपर्यंत तोंड बंद ठेवायचं, अशी रीत आहे. कुलूप बसायच्या आधी दवंडी पिटली तर चोरच आधी येतो.

मी मेल लिहिलं. माझं इंग्रजी सरकारी वळणाचं, 'उपरोक्त विषयास अनुसरून' छापाचं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. त्यांना भोक पटलं होतं, पण वजन मागवून त्याच क्षणी कुणी रद्द का करेल, हे कळत नव्हतं. मग मी दोन परिच्छेद 'लाभ' समजावून दिला. उत्तरात आभार होते, दुरुस्तीला काही आठवडे लागतील असं होतं, आणि तोवर कृपया कुठं लिहू-बोलू नये, अशी विनंती होती.

आणि नानांची चौकशी तीन दिवसांवर होती.

मी कामगार अधिकाऱ्यांकडं गेले. "माझा अहवाल चुकीचा आहे, दोष यंत्रणेत आहे," म्हटलं.

"मग कारण लेखी द्या, मॅडम."

"आत्ता लेखी देता येणार नाही."

ते खुर्चीत मागं रेलले. "म्हणजे आधी लेखी देता की दोष नाही, आता तोंडी म्हणता दोष आहे. चौकशीत मी काय वाचून दाखवू? तुमचं मन?"

त्यांचं चूक नव्हतं. मी म्हटलं, "वाचू नका. काट्यावर या. मी दाखवते, पण का होतं ते विचारायचं नाही."

चौकशीच्या दिवशी सकाळी काट्यावर कामगार अधिकारी, शेतकी अधिकारी, युनियनचा एक माणूस आणि नाना असे सगळे जमले. नाना धुतलेला सदरा घालून लांब उभे. मी त्यांना हात लावू दिला नाही. नानांनी दाबलं असतं तर लोक म्हणाले असते, यांच्या हातातच काहीतरी आहे. दोन नंबरचा काटा रिकामा ठेवला. तीन नंबरच्या काट्यावर मंदाबाईची भरलेली गाडी उभी केली आणि तिथल्या लेखनिकाला सांगितलं, वजन घेत राहा, थांबू नको. दोन नंबरच्या खुर्चीवर कामगार अधिकाऱ्यांनाच बसवलं.

"साहेब, वजनाचं बटण दाबा, लगेच रद्द करा. मग परत दाबा आणि पावती काढा."

त्यांनी दाबलं. पावती आली, शून्य. पुन्हा, शून्य. दहा झाल्या, वीस झाल्या. साहेबांचं बोट दुखायला लागलं. शेतकी अधिकारी घड्याळ बघू लागले. मिलवरून फोन आला की गाड्या का सोडत नाही. पण मी शंभर वेळा मोजून बघितलेलं होतं. मी म्हटलं, "दाबत राहा."

मंदाबाई पलीकडून ओरडली, "साहेब, लाभ म्हना की तोंडानं! नुसतं दाबून काय हुतंय?"

सगळे हसले. साहेबही हसले आणि मोठ्यानं म्हणाले, "लाभ." तिच्या बोलण्यानं झालं असं मी म्हणणार नाही, माझा धंदा मला माहीत आहे. पण पुढच्या काही दाबण्यांतच छपाईयंत्र करकरलं आणि पावती बाहेर आली. काटा दोन, दोन टन एकशे चाळीस. काट्यावर कुणी नव्हतं. एक कावळा होता, तोही कडेला.

साहेबांनी पावती उलटीसुलटी करून बघितली. उठून काट्यावर जाऊन पाय आपटून आले. मग पलीकडच्या काट्यावर मंदाबाईच्या गाडीचा आकडा बघितला. दोन टन एकशे चाळीस. त्यांनी ती पावती घडी करून फाईलमध्ये ठेवली आणि नानांना म्हणाले, "उद्यापासून कामावर या."

 नानांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, परत घातली आणि सायकल घेऊन गेले.

त्याच दुपारी मी प्रत्येक काट्याला वेगळा कॉम्प्युटर जोडून दिला, म्हणजे एकाचं वजन दुसऱ्याच्या खोलीत जायचा प्रश्नच उरला नाही. दीड महिन्यानं दुरुस्ती जाहीर झाली, तेव्हा क्लिनिंगसाठी कारखाना बंद असताना सगळी यंत्रं नवीन केली आणि मोकळेपणानं सगळ्यांना सांगितलं. कामगार अधिकाऱ्यांनी मधल्या काळात मात्र एक परिपत्रक काढून ठेवलं होतं, रिकाम्या काट्यावर बटण दाबू नये. नानांनी ते पाळलं. उरलेला हंगाम त्यांनी लाभ म्हटलं नाही.

मी मागं लागून परिपत्रक रद्द करून घेतलं. नानांच्या फाईलमधला माझा अहवाल मात्र काढता आला नाही. फाईलमधला कागद काढत नाहीत, असा नियम आहे. मी त्याच्यावर दुसरा कागद लावला, सगळं स्पष्ट लिहून, चार ओळींच्या जागी दोन पानं. तरी पहिला कागद खाली आहेच.

पुढच्या हंगामाची पहिली मोळी गव्हाणीत पडली त्या दिवशी मी काट्याच्या केबिनमध्ये गेले. आता मी रोज एक फेरी मारायचे. नाना खुर्चीवर होते, बाहेर मंदाबाईची टोळी लागलेली. मी त्यांना मोबाईलवर ती दुरुस्तीची नोंद दाखवली. कुणी कळवलं त्या ओळीत इंग्रजीत दोन नावं होती, आधी त्यांचं, मग माझं. त्यांनी चष्मा लावला आणि बोटानं ओळ धरली.

"हे कुठं कुठं जानार?"

"जिथं जिथं ही प्रणाली आहे तिथं सगळीकडं."

"आन् ही खालची वळ?"

"ज्यानं दुरुस्ती केली त्याची सही."

"म्हंजी तितंबी सही लागतीच," नाना म्हणाले. मग मोबाईल माझ्या हाती दिला. "ताई, फायलीतला कागद हाय का अजून?"

"आहे. त्याच्यावर दुसरा लावलाय."

"पन खाली हायच."

"आहे," मी म्हटलं. "चुकलं माझं, नाना. मी बघायला यायला हवं होतं."

इतके दिवस सगळ्यांपुढं यंत्राची चूक, यंत्राची चूक म्हणत फिरले होते. माझी चूक हे पहिल्यांदाच बोलले. नानांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग ते खुर्चीवरून उठले आणि बाजूला झाले.

"बसा," ते म्हणाले. "तुमी दाबा. सही तुमची हुती."

मी बसले. बाहेर काटा रिकामा होता. नवीन यंत्रावर मी हजार वेळा तपासलेलं होतं, तरी बोट बटणावर टेकवताना मला धास्ती वाटली. मी दाबलं. स्क्रीनवर शून्य आलं.

"तोंडानं म्हना," नाना म्हणाले.

"लाभ," मी म्हटलं आणि रद्द केलं.

मंदाबाईनं गाडी काट्यावर घेतली, बैल थांबवले आणि खिडकीतून मान आत घातली. मी आकडा वाचला. "दोन टन ऐंशी."

तिनं एकदा बैलांच्या मानेकडं बघितलं. "बराबर हाय," म्हणाली आणि गाडी पुढं काढली.

मी खुर्चीतच बसून राहिले होते. नानांनी माझ्या खांद्याशी वाकून पुढच्या गाडीला हात केला.

"उठा ताई आता," ते म्हणाले. "रांग लागली."